सदोष मोटारसायकलमुळे इजा: ग्राहक आयोग की मोटार अपघात न्यायाधिकरण?

चालती गाडी, अचानक पुढचा फोर्क तुटला, समोर दुसरं वाहन नाही. अशा वेळी बरेच जण सवयीने न्यायाधिकरणाकडे धाव घेतात. तिथे दावा वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनीवर चालतो. तुम्हीच मालक आणि चालकही असाल, तर स्वतःच्याच थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळत नाही. उरतो तो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरता. न्यायाधिकरणाकडे अर्जाची मुदत कायद्यात फक्त सहा महिने. दुसऱ्या वाहनाचीही चूक असेल, तर मात्र हा मार्ग सोडू नका.

दोष उत्पादनाचा असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 जास्त कामाचा. कलम 84नुसार निर्मितीत किंवा डिझाइनमध्ये दोष दाखवला की पुरे, कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मुदत दोन वर्षं. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे ठरतं ते गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर, म्हणून दीड लाखाच्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगातच, फी शून्य आणि तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते.

खरी लढाई पुराव्याची. तुटलेला भाग शोरूमला देऊन टाकू नका; तो गेला की केस लंगडी पडते. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वक्र रेघा असतील, तर तडा आधीपासून वाढत होता. चासी नंबरसह फोटो काढा, सर्व्हिसची जॉबकार्डं जपा आणि याच ग्राहक कायद्याच्या कलम 38खाली आयोगाकडे प्रयोगशाळेतील तपासणी मागा. गाडीत फेरफार केले असतील, तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.