विल्गाचं रोप: लेबल गंडलेलं, झाड मात्र एक नंबर

ऑनलाइन नर्सरीतून विल्गा म्हणजे गैजेरा पार्विफ्लोराचं रोप मागवलं, याला ऑस्ट्रेलियन विलोही म्हणतात, पण लेबलवर नुसतं 'विलो' बघून धसकाच बसला, कारण खरा विलो हे वेगळंच झाड, पाण्याला हपापलेलं आणि पानं गाळणारं. मग एक पान चुरगळलं तर उग्र वास आला, उजेडासमोर धरलं तर बारीक पारदर्शक ठिपके दिसले, लिंबाच्याच कुळातलं ना हे, म्हटलं बरोबर आलंय! मूळचं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातलं. पहिली दोन वर्षं नियमित पाणी घातलं, आता क्वचितच देते. वाढ फार हळू, घाई असेल तर नका घेऊ आणि पाणी साचणारी जागा तर नकोच. पण खाली झुकलेल्या लांब बारीक पानांची ती झालर वर्षभर हिरवी, मी तर प्रेमातच पडलेय. पॅकिंग मस्त होतं, लेबल तेवढं नीट लावा प्लीज.