क्यूजीआयएससोबत डिफेंडर: एका नकाशा कार्यालयाचा अनुभव

नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या छोट्या कार्यालयात लेआउटचे आणि पाणलोटाचे नकाशे क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत प्रोग्रॅमवर तयार होतात, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तेथील संगणकांवर विंडोजसोबत मिळणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर एवढा एकच अँटिव्हायरस आहे. त्याआधी सीताबर्डीतील एका दुकानदाराने वर्षभराचे पैसे घेऊन विकतचा अँटिव्हायरस बसवून दिला होता. तो आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, त्यामुळे दोन पहारेकरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. मात्र त्या विकतच्या पहारेकऱ्याला एखादे फोल्डर तपासणीतून वगळायला सांगावे, तर ती सोय शोधण्यातच दुपार जात असे. मुदत संपल्यावर आम्ही तो पुन्हा घेतला नाही.

डिफेंडरवर आल्यावरही पहिले काही दिवस काम रेंगाळले, पण त्यात चूक आमचीच होती. नकाशाची माहिती ज्यात साठवतात त्या शेपफाईलला आपण एक फाईल म्हणतो खरे, प्रत्यक्षात ती एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशा भावंडांची टोळी असते, आणि अँटिव्हायरसची तत्काळ तपासणी (फाईल उघडताक्षणी होणारी) चालू असली की उघडणारी प्रत्येक फाईल तिच्या नजरेखालून जाते. टाइल्सचे, म्हणजे नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवतात त्यांचे, प्रकरण तर याहून भारी. आपल्या अक्षांशावर झूम १८ ची (खूप जवळून पाहण्याच्या पातळीची) एक टाइल साधारण १४३ मीटर जागा व्यापते. म्हणजे २० किलोमीटर लांब-रुंद नागपूर त्या पातळीवर फोल्डरमध्ये काढायचे म्हटले, तर सुमारे २०,००० चिमुकली चित्रे डिस्कवर लिहिली जातात आणि तितक्याच वेळा तपासणीला निमित्त मिळते. त्याच टाइल्स एमबीटाइल्स या सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणाऱ्या स्वरूपात काढल्या की फाईल एकच राहते. शेपफाईलऐवजी जिओपॅकेज हे एकाच फाईलीचे स्वरूप वापरण्याचा फायदाही याच जातीचा आहे. एवढ्या दोन बदलांनीच आमची निम्मी तक्रार मिटली, आणि तोवर डिफेंडरच्या एकाही सेटिंगला हात लावलेला नव्हता.

उरलेल्या निम्म्यासाठी विंडोज सिक्युरिटीतील एक्सक्लुजन्स, म्हणजे तपासणीतून वगळायच्या गोष्टींची यादी, उपयोगी पडले. येथे फोल्डर वगळता येते किंवा प्रोग्रॅम, आणि या दोहोंतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. क्यूजीआयएसचा प्रोग्रॅम वगळला, तर तो जी जी फाईल उघडेल ती तत्काळ तपासणीतून सुटते. त्याच्या पोटात चालणारे पायथन प्लगइन (पायथन भाषेत लिहिलेले जोड-प्रोग्रॅम) ज्या फाईली उघडतात, त्याही सुटतात. ही सवलत मला अंमळ जास्तच वाटते. शिवाय क्यूजीआयएसच्या स्थापनेच्या फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे पूर्ण पत्ता देऊन केलेला अपवाद पुढच्या आवृत्तीला निकामी होतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आम्ही डी ड्राइव्हवरचे 'चालू काम' हे एकच फोल्डर वगळले आणि क्यूजीआयएसमधील प्रोसेसिंगच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाईलींची जागाही त्यातच नेमून दिली. विंडोजचे संपूर्ण टेम्प (तात्पुरत्या फाईलींचे) फोल्डर वगळण्याचा सल्ला काहीजण देतात; तो मी तरी ऐकणार नाही.

ग्राहकाने पेनड्राइव्हवर किंवा मेलवर पाठवलेले सारे प्रथम 'आवक' फोल्डरमध्ये उतरते. ते वगळलेले नाही. क्यूजीआयएसच्या प्रकल्पफाईलीत पायथन मॅक्रो, म्हणजे प्रकल्प उघडताच चालू शकणारे छोटे प्रोग्रॅम, असू शकतात, तेव्हा ही पायरी चुकवू नये. वगळलेल्या फोल्डरकडे ठरलेल्या वेळचे स्कॅनही पाहत नाही, याची जाणीव येथे ठेवावी लागते.

नेमके काय अडते हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. प्रशासक म्हणून पॉवरशेल (विंडोजची आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग ही आज्ञा द्यावी, नेहमीचे काम करावे आणि नंतर अहवाल काढावा. तपासणीत सर्वाधिक वेळ खाणाऱ्या फाईली त्यात क्रमाने दिसतात. ही सोय डिफेंडरची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, पण ती आज्ञांच्या आड दडलेली आहे आणि बटणावर आणलेली नाही, हे खटकते. मोठे रास्टर (उपग्रहचित्रासारखा चित्ररूप थर) सावकाश उमटत असेल, तर मात्र आधी त्याचे पिरॅमिड, म्हणजे दुरून पाहण्यासाठीच्या लहान प्रती, बांधले आहेत का ते पाहावे. अँटिव्हायरसवर खापर फोडण्याची घाई करू नये.

ठरलेल्या वेळचे स्कॅन मुळात साधारण ५० टक्के प्रोसेसर वापरण्याच्या बेताने लावलेले असते. मे महिन्यात, कूलर चालू असूनही संगणकाचा पंखा घोंघावत असताना, आम्ही तो आकडा २० वर आणला आणि स्कॅनची वेळ जेवणाच्या सुटीत टाकली.