दिवाळीचे तेल पचले, बोअरची मळी नाही: युएफ मेम्ब्रेनचा ११ महिन्यांचा अनुभव

इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील आमच्या मल्टीत (बहुमजली इमारतीत) न्हाणीचे आणि कपडे धुण्याचे पाणी गाळून फ्लशसाठी व बागेसाठी पुन्हा वापरले जाते. त्या यंत्रातील जुन्या युएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्या, गेल्या जूनमध्ये काढून, ‘न चोंदणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या बसवल्या. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

या मेम्ब्रेन पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकच्या पोकळ तंतूंच्या आहेत. हे प्लास्टिक मुळात पाण्याला दूर सारणारे असल्यामुळे डोक्याचे तेल आणि अंगाचा मळ त्याला पटकन चिकटतो, त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची छिद्रे बुजत जातात. नव्या तंतूंवर पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा लेप आहे. पाण्याचा पातळ पापुद्रा मध्ये राहिल्याने तेलाला टेकायला जागा मिळत नाही. याची खरी परीक्षा नरकचतुर्दशीला झाली. १४ घरांच्या अभ्यंगस्नानाचे तेल एकाच सकाळी टाकीत उतरले (उटणे मेम्ब्रेनच्या आधीच्या जाळीवर अडले, ती मात्र दोनदा धुवावी लागली). पूर्वी त्या आठवड्यात मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक (चोंदले की तो वाढतो) दुप्पट होत असे. या वेळी तो ०.३ बारवरून ०.४ वर गेला आणि दोन बॅकवॉशनंतर (उलट्या दिशेने पाणी सोडून धुतल्यावर) पूर्ववत झाला.

तक्रार उन्हाळ्यातली आहे. नर्मदेचे पाणी कमी पडले की आम्ही बोअर चालवतो. त्या जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारी पांढरी मळी बनते आणि तिच्यापुढे हा लेप निष्प्रभ ठरला. मार्चपासून दर तीन आठवड्यांनी सायट्रिक आम्लाने धुलाई करावी लागत आहे. ‘केमिकल लागणारच नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे म्हणून टिकत नाही. चोंदणे लांबते आणि चढलेला थर लवकर सुटतो, एवढे मात्र खरे. हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) सौम्य द्रावण पीव्हीडीएफला चालते (घरच्या आरओच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनला ते कदापि लावू नये), परंतु तीव्र द्रावणाने वारंवार धुतल्यास लेपच झिजू शकतो, याचा माहितीपत्रकात उल्लेखही नव्हता.

किंमत साध्या मेम्ब्रेनच्या जवळपास दीडपट पडली. बाराही महिने नर्मदेचे पाणी असणाऱ्यांनी ती जरूर मोजावी. बोअरवर विसंबणाऱ्यांनी आधी पाण्याचे काठिण्य तपासून, धुलाईच्या खर्चाचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.