प्रश्नावली की ओसरीवरची बैठक?

घरच्या स्वच्छतेत बायकांना किती कळतं आणि त्यांचं किती चालतं, हे शोधायला काय बरं? इंदूरच्या रामबागेतल्या काकूंना स्वच्छतेची प्रश्नावली द्या, पैकीच्या पैकी गुण! ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घरगुती घातक कचरा, कचऱ्याचे सहाही प्रकार तोंडपाठ. 2017 साली शहर स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांच्या स्वच्छतेच्या देशभरच्या क्रमवारीत, पहिलं आलं; कचरा वेगळा करायचा धडा तेव्हापासून चालूच आहे. शंभर घरं ताडून बघायला प्रश्नावली सोयीची, स्वस्तही.

पण ती माहिती मोजते, अधिकार नाही. त्यासाठी चारजणींना ओसरीवर बसवून विचारावं: सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा हे ठाऊक आहे, पण गाडी बोलावतं कोण? पैसे कुणाच्या हातात? वॉर्डाच्या बैठकीत बोललात, की नुसता चहा केलात? इथे काकू पदर सावरतात. "ते ह्यांना विचारा."

वेळ फार जातो, आकडे थोडेच मिळतात. तरी मी बैठकच घेईन. सासूबाई आत गेल्यावर.