जुनं डिझेल मोटरहोम: आठ महिने आणि आधीच्या मालकाने टाकलेल्या तीन नळ्या

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या जूनमध्ये २००४ सालचं, मागे इंजिन असलेलं डिझेल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. आतापर्यंत सहा हजार मैल झाले. इंजिन, गिअरबॉक्स, जनरेटर, छत, कशाबद्दलच तक्रार नाही. छळलं ते हवेने.

या गाडीचे ब्रेक आणि सस्पेन्शन दोन्ही दाबाच्या हवेवर चालतात. प्रेशर १२०-१३० पीएसआयला (दाबाचं एकक) पोचलं की गव्हर्नर, म्हणजे दाबावर नजर ठेवणारा व्हॉल्व्ह, हवा भरणाऱ्या कंप्रेसरला थांबवतो, ६०च्या आसपास उतरलं की बझर वाजतो. आमच्या गाडीत रात्रीतून पुढच्या टाकीचा काटा शून्यावर यायचा. मग इंजिन चालू करून हवा भरेपर्यंत थांबायचं, तेव्हा कुठे पार्किंग ब्रेक सुटायचा. कॅम्पग्राउंडवर सकाळी सहाला झोपलेल्या शेजाऱ्यांच्या उशाशी डिझेल इंजिन घरघरत ठेवणं माझ्या अगदी जिवावर यायचं.

एका वर्कशॉपने एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा भाग) बदलून बिल लावलं, गळती होती तिथेच. शेवटी मीच खाली शिरलो. पण कुणी हे वाचून खाली जाणार असाल तर आधी ऐका: नुसत्या एअर बॅगांवर, म्हणजे सस्पेन्शनच्या हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर, उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हवा निघून गेली की सगळा सांगाडा खाली बसतो. चाकांना ठोकळे, चासीला भक्कम स्टँड, मगच आत.

मूळ आराखड्यात नसलेल्या तीन नळ्या सापडल्या. एक लाल, पार मागच्या बंपरपर्यंत गेलेली. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकच्या सर्किटला हिरवी आणि पुढच्याला लाल नळी असते, म्हणून ती मी मूळचीच धरून चाललो होतो. रंगावर विसंबू नका, नळीवरचा छाप वाचा. ब्रेकच्या हवेसाठीच्या नायलॉन नळीवर एसएई जे८४४ असं त्या नळ्यांच्या मानकाचं नाव छापलेलं असतं. लाल नळीवर ते होतं. बाकीच्या दोन निळ्या नळ्यांवर काहीच छापलेलं नव्हतं.

कुठली नळी कुठे जाते हे शोधायला टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या, एकेक टोक सोडवून सायकलच्या पंपाने हवा मारली आणि बायको आतून कान लावून ‘इथे येतेय’ म्हणून ओरडत राहिली. दोन शनिवार गेले. लाल नळी मागे ओढायच्या कारच्या ब्रेकसाठी निघाली. काम इतकं नीट केलेलं की हात लावला नाही. पहिली निळी टायरमध्ये हवा भरायला पुढच्या कप्प्यात आणलेली. दुसरी कधीकाळच्या, हवेवर चालणाऱ्या ड्रायव्हर सीटची. सीट बदलली, नळी राहिली. गालिच्याखाली तिच्या तोंडात चक्क एक बोल्ट कोंबून वर क्लॅम्प आवळलेला होता. टाक्या पुन्हा भरून साबणाचं पाणी लावलं, तर बोल्टच्या आट्यांमधून दुधावरच्या सायीसारखा बारीक फेस वर येत राहिला.

गळतीपेक्षा मला जास्त हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. दोन्ही निळ्या नळ्या एकाच पितळी टीमधून (तीन तोंडांच्या जोडातून) थेट पुढच्या ब्रेकच्या टाकीवर जोडलेल्या होत्या, मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नाही. तो असला की प्रेशर ७० पीएसआयच्या आसपास उतरताच जादा जोडण्यांची हवा तोडतो आणि ब्रेकपुरती हवा टाकीत शिल्लक राहते. तो नसताना टायर भरायची नळी फुटली असती, तर पुढची टाकी रिकामी झाली असती. आम्ही त्याच गाडीतून मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांचे उतार उतरलो होतो.

सीटची नळी टीपासूनच काढून टाकली आणि तोंड योग्य प्लगने बंद केलं. टायरची ठेवली, पण नळी जे८४४ची आणि टाकीपाशी व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह हवेच्या ब्रेकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून बसवून घेतला, ते घरी करायचं काम नव्हे.

आता रात्री १२०ला उभी केलेली गाडी सकाळी ९५ दाखवते. बझर थांबायची वाट बघावी लागत नाही, दहा मिनिटांत निघतो. प्रत्येक नळीला नंबराची पट्टी बांधली आहे आणि हाताने काढलेला नकाशा लॅमिनेट करून पुढच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवला आहे. गाडी विकली तरी तो तिथेच राहील.