बाहेर स्नॉर्केल, आत भोकच नाही

चाकामागचं प्लास्टिकचं लायनर काढलं आणि फेंडरचा (चाकावरचा) पत्रा आतून अखंड दिसला. चार स्क्रूंची टोकं तेवढी आत डोकावत होती. बाहेर मात्र दिमाखदार काळं स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला पाण्याच्या वरून हवा देणारी नळी, वर छतापर्यंत गेलेलं, खालचं तोंड पत्र्यावर सिलिकॉनने चिकटवलेलं. इंजिन श्वास घेत होतं ते बॉनेटखालच्या जुन्याच तोंडातून. गाडी पेट्रोल जिप्सी, काम मुंबईतल्या एका गॅरेजचं, बिलावर एकच ओळ: ‘फुल वॉटरप्रूफ पॅकेज’. कर्जतच्या बाजूला ओढ्यात गाडी बंद पडली, मालकाने स्टार्टर मारला, आत शिरलेल्या पाण्याने एक कनेक्टिंग रॉड (पिस्टन फिरवणारा दांडा) वाकला.

रॉड वाकायला पाणी फार लागत नाही. या जिप्सीचं इंजिन 1298 सीसी, चार सिलिंडरचं, म्हणजे सिलिंडरमागे साधारण 325. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते) 9 धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा होते सुमारे 40 मिली, कटिंग चहाचा अर्धा ग्लास. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो रॉड. बंद पडल्यावर स्टार्टर मारला नसता तर हे इंजिन कदाचित वाचलंही असतं.

मुंबईत ही पॅकेजं मे-जूनमध्ये जोरात विकली जातात, आणि विकली जातात ती दिसणाऱ्या वस्तूवर. खरं काम सगळं न दिसणाऱ्या जागी असतं, म्हणून चोरीही तिथेच होते. डेमो म्हणून स्नॉर्केलवर पाइपने पाणी मारून दाखवतात. त्याने काहीही सिद्ध होत नाही, पाऊसही तेच करतो.

पैसे देण्याआधी तळहाताची परीक्षा घ्या. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू) ठेवा आणि स्नॉर्केलचं तोंड तळहाताने किंवा जुन्या ट्यूबच्या रबराने पूर्ण झाका. हाताला ओढ लागून काही सेकंदांत इंजिन बंद पडलं पाहिजे. आरामात चालू राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. ॲक्सिलरेटर देऊ नका, एअर बॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण आत दबतं. गळती शोधायची असेल तर इंजिन बंद करून वरून ब्लोअरची हलकी हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. बुडबुडे बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतात: एअर बॉक्सच्या झाकणाची गास्केट, रबरी होजचा क्लॅम्प, आणि बॉक्सच्या तळाचं पाणी निचऱ्याचं भोक. हे शेवटचं भोक हमखास विसरतात. तिथे एकदिशा रबरी व्हॉल्व्ह बसवा किंवा ते बंद करून दर सर्व्हिसला उघडा.

फेंडर कापताना पत्र्याची गोल चकती निघते, तीनएक इंचांची. ती परत मागा. चकती नाही तर भोक नाही. कापलेल्या कडेला प्राइमर लागला का तेही बघा, नाहीतर मुंबईच्या हवेत दुसऱ्या पावसाळ्याआधी तिथे गंज फुटतो. सीलंट पुरतं सुकायला 24 तास द्यावे लागतात. सकाळी घेतलेली गाडी संध्याकाळी ‘तयार’ मिळत असेल तर ती तयार नाही.

दुसरी लबाडी ब्रीदरची, म्हणजे गिअरच्या डब्यांना हवा देणाऱ्या नळ्यांची. पुढचं डिफ (डिफरेन्शियल, चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), मागचं डिफ, गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा), चौघांनाही श्वास लागतो. गरम डिफ थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून प्रत्येकाची नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या कडेपर्यंत आणतात. चौघांची मिळून आठ-दहा मीटर नळी लागते, वरच्या टोकाला छोटा फिल्टर. या जिप्सीत वरची टोकं छान रांगेत बांधली होती, पण मागच्या डिफची नळी चासीवर झिप-टायने अडकवून तशीच सोडलेली. वरच्या टोकातून तोंडाने हलकेच फुंका. खाली सुटी असेल तर हवा सूं करून निघून जाते. जोडलेली असेल तर थोड्या वेळाने दाब जाणवतो आणि तोंड काढलं की हवा उलटी येते. कंप्रेसर लावू नका, सील जातील. आणि जुनं पांघरूण अंथरून एकदा गाडीखाली झोपा, नळी हाताने ओढून बघा.

पेट्रोल गाडीचं खरं दुखणं इग्निशन, म्हणजे ठिणगी. स्पार्क प्लगच्या बुटाला (वायरच्या टोकाच्या रबरी टोपीला) आतून सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस हवं: पांढरट, अर्धपारदर्शक, जवळजवळ बिनवासाचं. स्वस्तात उरकणारे चासीचं पिवळं-काळं ग्रीस फासतात. त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत बूट सैल होतो. एक बूट काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. कनेक्टरवर सिलिकॉन दिसलं आणि व्हिनेगरचा वास आला तर ते बाथरूमच्या टाइल्सचं सिलिकॉन समजा. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, पिना हिरव्या पडतात. इंजिनसाठी ‘न्यूट्रल क्युअर’ आणि ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्या. जुन्या कार्ब्युरेटर जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पूर्ण सीलबंद करणं हाही अडाणीपणाच, आत ओल कोंडते. त्याला उंचावर नेलेली श्वासनळी हवी. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) प्लास्टिकची पिशवी बांधणाऱ्याकडून तर गाडी लगेच परत घ्या.

सगळं नीट झालं तरी गाडीची पाणबुडी होत नाही. 2020 च्या महिंद्रा थारला कंपनी पाण्याची 650 मिमी खोली सांगते. स्नॉर्केल चढवल्याने दरवाजाची रबरं आणि वायरिंग वर सरकत नाहीत. हलकी गाडी तर तरंगायलाच लागते. मुंबईत मिलन सबवे किंवा हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात उघडी मॅनहोलं दिसत नाहीत, तिथे स्नॉर्केलचा काय उपयोग? पाण्यात शिरण्याआधी एसी बंद करा, नाहीतर पंखा पाण्यात फिरतो आणि पाती वाकून रेडिएटरवर घासू शकतात.

गाडी पाण्यात बंद पडलीच तर चावीला हात लावू नका. बाहेर ओढून आणा. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉईलची जोडणी काढा, मग चारही प्लग काढून क्रँक पाना लावून हाताने फिरवा. पेट्रोलचा फवारा आणि ठिणगी एकत्र आली तर आग लागते, म्हणून हा क्रम. डिफसाठी गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ड्रेन प्लग थोडाच सैल करा. पाणी जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं.

बिल ‘पॅकेज’ म्हणून घेऊ नका. स्नॉर्केल, होज, क्लॅम्प, नळी किती मीटर, सीलंट कोणतं, मजुरी किती, हे वेगवेगळं आणि जीएसटी क्रमांकासह लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दुसऱ्या मिस्त्रीने हात लावण्याआधी लायनर काढून आतल्या पत्र्याचे फोटो घ्या, गाडीची नंबरप्लेट त्याच फ्रेममध्ये येईल असा एक तरी. नवीन भोक पाडून झालं की जुनं नव्हतंच हे दाखवायला काही उरत नाही.