एच-फोर रिले किट: मंद लाईटला चालतं, फडफडीला नाही

मूर्तिजापूर असो, वरुड असो की पांढरकवडा, स्पेअर पार्टच्या दुकानात ‘हेडलाईट फडफडते’ एवढं म्हटलं की काउंटरवर रिले किट येतं. दोन रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), फ्यूज, सिरॅमिकचे दोन होल्डर आणि काळ्या नळीत भरलेली वायर. किंमत ब्रँड पाहून ५०० ते १,००० रुपयांच्या आसपास. वस्तू वाईट नाही. जुन्या पिकअपची किंवा जीपची लाईट पिवळी, मिणमिणती पडत असेल तर याहून स्वस्त उपाय सापडणार नाही. पण मंद लाईट आणि फडफडणारी लाईट हे दोन वेगळे आजार आहेत, आणि काउंटरवर दोन्हीला एकच गोळी मिळते. म्हणून गुणही दोन: मंद लाईटसाठी पाचपैकी चार, फडफडीसाठी जेमतेम एक.

आधी किट काय करतं ते पाहू. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजबॉक्समध्ये, तिथून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये आणि मग परत बोनेटखाली बल्बकडे जातो. चार-पाच मीटर बारीक वायर आणि वाटेत पाच-सहा जोड. एच-फोर या दोन फिलामेंटच्या बल्बचा डिपर (जवळचा झोत) ५५ वॅटचा, अप्पर (लांबचा झोत) ६० चा. दोन्ही बाजूंचे डिपर मिळून ९ ते १० अँपिअर ओढतात. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०१८ ओहम, म्हणजे चार मीटरला ०.०७. नुसत्या वायरीतच ०.६५ व्होल्ट गेले. स्विचचे झिजलेले पॉइंट आणि हिरवे पडलेले कपलर (वायरी जोडायचे प्लग) यांची गळती वेगळी.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो, त्यामुळे ही गळती महागात पडते. समजा बॅटरीवर १४.० व्होल्ट आहेत आणि बल्बच्या पायाशी १२.४ च पोचतात. व्होल्टेज जेमतेम साडेअकरा टक्के घटलं, पण उजेडाचा एक तृतीयांश भाग गेला. रिले किट बॅटरीपासून बल्बपर्यंत जाड वायरीचा जवळचा रस्ता करून देतं. जुन्या वायरीकडे रिलेची कॉइल ओढायचं काम उरतं, आणि त्याला ०.१५ अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. गळती ०.३ व्होल्टवर आली तर बल्बला १३.७ मिळतात आणि आधीपेक्षा चाळीस टक्के उजेड वाढतो. पांदण रस्त्यावर रात्री रोही (नीलगाय) आडवा आला की हा फरक कळतो. शिवाय स्टिअरिंगखालचा स्विच तापायचा थांबतो, तो फायदा निराळाच.

आता फडफडीकडे. किट घेण्याआधी तीन-चारशे रुपयांचं डिजिटल मीटर घ्या. अर्ध्या गाड्यांचं काम तिथेच संपेल.

मोजताना एक चूक सगळीकडे होते. बल्ब काढतात, होल्डरमध्ये मीटरच्या सुया घालतात आणि १२.६ दिसले की ‘वायरिंग बरोबर आहे’ म्हणून मोकळे होतात. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२.६ दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. गळती दिसते ती बल्ब पेटलेला असताना. मागचं रबर सरकवून, होल्डर जागेवर ठेवून, पाठीमागून सुई टेकवायची. मीटर डीसी २० व्होल्टवर, इंजिन चालू, डिपर चालू. लाल सुई बॅटरीच्या प्लसला आणि काळी बल्बच्या डिपर पिनला लावली की प्लस बाजूची गळती थेट वाचता येते. ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. मग एक सुई बॅटरीच्या मायनसला, दुसरी बल्बच्या अर्थिंग पिनला. इथे ०.२ च्या वर आकडा गेला तर किट बाजूला ठेवा, दोष अर्थिंगमध्ये आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल अर्थिंगच्या बोल्टवर बसतो, सुकतो, पुन्हा भिजतो आणि वायरीच्या टोकाच्या थिंबलखाली गंज धरतो. बोल्ट काढा, थिंबल आणि बॉडीचा पत्रा सँडपेपरनं चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च वीस रुपये.

मीटर लावण्याआधीही फडफड कशी होते यावरून पुष्कळ कळतं.

फक्त एकच लाईट फडफडत असेल तर बॅटरी-अल्टरनेटरच्या नादी लागू नका. दोष त्या बाजूच्या होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, आतली पट्टी ढिली असेल, तर होल्डर बदला. डिपर लावल्यावर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा अंधुक पेटत असेल तर त्या बाजूचं अर्थिंग जवळपास सुटलेलंच समजा. करंट परतीची वाट शोधत अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो. इंडिकेटरच्या टकटकीबरोबर हेडलाईट मंद-तेज होत असेल तरी संशय आधी अर्थिंगवरच.

दोन्ही लाईट फक्त खड्ड्यात झटका खातात? मग कुठेतरी जोड हलतो आहे. सगळ्यात आधी बॅटरीचे टर्मिनल हातानं फिरवून पाहा. हातानं फिरलं म्हणजे ढिलं. त्यानंतर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी पाहा. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालं की ही पट्टी लावायची राहून जाते किंवा अर्धवट कसली जाते.

आयडलवर लाईट बसते आणि रेस दिली की उठते, हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, आणि किट इथे काहीच करू शकत नाही. सोर्समध्येच व्होल्टेज नसेल तर रस्ता कितीही रुंद करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. मग इंजिन चालू करून, हेडलाईट आणि ब्लोअर लावून, थोडी रेस धरून मोजा. १३.८ ते १४.४ हवे. १३.२ च्या खाली राहिलं तर चार्जिंग कमी आहे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. तशा गाडीत रिले किट बसवलं तर बल्बच उडत राहतील, कारण व्होल्टेज पाच टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं.

चार्जिंग कमी असेल तर आधी बेल्ट पाहा. तो गुळगुळीत, चकचकीत झाला असेल किंवा सकाळी सेल्फ मारल्यावर चीं करत असेल, तर घसरतो आहे. त्यानंतर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश. आपल्या भागातली धूळ आणि जिनिंगच्या आवारातला कापसाचा उडता तंतू अल्टरनेटरच्या जाळीत बसतो. त्यानं अल्टरनेटर तापतो आणि तापला की कमी करंट देतो. हवेनं साफ करून घ्यायला पैसे लागतातच असं नाही. ब्रश बदलण्याचं काम तालुक्याचा कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन करतो. त्यासाठी अख्खा ‘डायनामो’ बदलायला सांगितलं तर दुसऱ्या दुकानात विचारा.

रेसबरोबर वेग बदलणारी बारीक थरथर, ट्यूबलाईट जशी मिचमिचते तशी, हे अल्टरनेटरमधल्या डायोडचं (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचं) लक्षण. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावा. लोड चालू असताना ०.५ च्या वर एसी दिसलं तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला आहे. काही स्वस्त मीटर एसीच्या खुणेवर डीसीचाच आकडा फुगवून दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून एकदा लावून पाहा. तेव्हा शून्य यायला हवं.

एअर कंडिशनरचा पंखा सुरू होताना लाईट एकदाच किंचित बसून सावरली, तर तो आजार नाही. पण लोडचा हिशेब माहीत असावा. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण ५५ ते ७० अँपिअरचा, आणि आयडलवर त्याच्या निम्माही मिळेल याची खात्री नाही. आषाढातली पावसाळी रात्र धरा: हेडलाईट १०, ब्लोअर १० ते १५, रेडिएटरचा पंखा १० ते १५, वायपर ४, आणि वर कोणी लग्नाच्या वरातीसाठी ॲम्प्लिफायर बसवलेला. रेल्वे फाटकापाशी थांबल्यावर तूट बॅटरीतून भरली जाते. बॅटरी म्हातारी असेल तर लाईट बसणारच. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत बॅटरीचं पाणी भराभर उडतं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा झाकणं उघडून पातळी पाहा, आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. जारचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेट खातात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका.

एवढं सगळं ठीक निघालं आणि प्लस बाजूची गळती ०.५ च्या वर असली, तर किट घ्या. आता ते कसं निवडायचं.

वायर सोलून पाहू द्या म्हणा. दुकानदार कुरकुरेल, पण हेच महत्त्वाचं. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं धागा खरवडला की आत पांढरं दिसतं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, आणि दाबलेल्या थिंबलमध्ये ते कालांतरानं ढिलं पडतं. म्हणजे फडफड घालवायला आणलेली वस्तू वर्ष-दीड वर्षात स्वतःच फडफड देणार. बॅटरीकडून येणारी मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. इन्सुलेशन जाड आणि धागे चार, असलाही माल मिळतो, त्यामुळे बाहेरून जाडी पाहून फसू नका.

दुसरं फ्यूजचं. कित्येक किटांत बारीक वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज दिलेला असतो. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, बल्बला नाही. ५५/६० वॅटच्या जोडीला १० अँपिअर लागतात, तेव्हा प्रत्येक रिलेला १५ चा फ्यूज पुष्कळ झाला. अप्पर आणि डिपर दोन्हींना मिळून एकच फ्यूज असलेलं किट घेऊ नका. तो उडाला की रात्रीच्या रस्त्यावर एकदम काळोख.

सिरॅमिक होल्डर उष्णता चांगली सोसतात, पण काही गाड्यांत मागचं रबर त्यावर नीट चढत नाही आणि रिफ्लेक्टरमध्ये धूळ-ओल शिरते. ते दुकानातच लावून पाहा. ‘किट बसवलंच आहे तर १००/९० चा बल्ब टाका’ हा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. एच-फोर ६०/५५ वॅटचाच मान्य आहे. १०० वॅटचा बल्ब प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर भाजतो, समोरच्याचे डोळे दिपवतो आणि अल्टरनेटरवरचा लोड उगाच वाढवतो.

बसवणं तासाभराचं काम आहे. आधी बॅटरीचं मायनस काढा. मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच असू द्या, त्यापुढची वायर कुठे घासली तरी फ्यूज उडेल. रिले बॉडीला स्क्रूनं बसवा, पिना खाली करून, म्हणजे पाणी साचणार नाही. रेडिएटर आणि सायलेन्सरपासून लांब. पिनांचे नंबर बहुतेक रिलेंवर सारखेच असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ आणि ८६ ही कॉइल. अर्थिंग रंगावर कसू नका, पत्रा खरवडून कसा. शक्य असेल तर किटच्या दोन्ही अर्थिंगच्या वायरी थेट बॅटरीच्या मायनसला न्या.

किट लावल्यावर रिले करकर वाजू लागला आणि दोन्ही लाईट त्याच तालावर उघडझाप करू लागल्या, तर जुन्या बाजूचा सिग्नल तुटक येतो आहे. किटनं जुना दोष झाकलेला असतो, काढलेला नसतो. स्विचचा जळका पॉइंट ०.१५ अँपिअर नेतो तोवर सगळं झकास. ज्या दिवशी तेवढंही नेत नाही, त्या दिवशी रिले सुटतो. म्हणून जुना कपलर किटमध्ये घालण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा आणि हिरव्या पिना बदला.

काही गाड्यांत हेडलाईट मायनस बाजूनं स्विच होते, म्हणजे होल्डरच्या सामाईक पिनवर कायम प्लस असतो. साधं किट तिथे चालणार नाही, त्यासाठी वेगळी जोडणी लागते. लाईट लावून सामाईक पिन आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा, १२ दिसले तर हे किट परत करा. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत तर हात घालूच नका. काहींत हेडलाईटचा पुरवठाच ठोक्याठोक्यानं दिला जातो, रिले त्यावर करकरतो, आणि बाजारातला एलईडी बल्ब फडफडतो तोही अनेकदा त्यामुळेच. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत व्होल्टेज मुद्दाम खालीवर केलं जातं, तिथे १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर खोलायला लावू नका. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर किटच्या रिलेवर १२ लिहिलंय की २४, ते वाचा.

एक शेवटचं काम हमखास राहतं. किटला सिग्नल एकाच बाजूच्या जुन्या कपलरमधून मिळतो, दुसऱ्या बाजूचा कपलर रिकामा लोंबकळत राहतो. डिपर लावला की त्यात प्लस असतोच. त्यावर टेप गुंडाळून, प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून, तोंड खाली करून बांधा. सोयाबीनच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर नवी वायर नळीसकट उंदीर कुरतडतात, म्हणून पंधरवड्यातून एकदा बोनेट उघडून बॅटरीपासून रिलेपर्यंत हात फिरवून पाहा.